बिनखुणेचं ते आपलं

खंडाळ्याच्या बंगल्यांचे कपडे माझ्या आजोबांपासून आमच्या घरी येतात. चादरी, अभ्रे, पडदे, जेवणाच्या टेबलावरची कापडं. बहुतेक सगळं पांढरं. धुऊन, खळ देऊन, वाळवून घड्या घातल्या की कुठली चादर कुठल्या बंगल्याची हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून परीट खूण करतो. बिब्ब्याला सुई टोचायची, सुईच्या टोकाला येईल त्या काळ्या तेलाने कापडाच्या कोपऱ्यात टिंब, रेघ, फुली काढायची आणि वर चुन्याचं बोट लावायचं. मग ती भट्टीत उकळली तरी जात नाही. कापड विरतं, पण खूण राहते.

आमच्या घरात खुणा घालायचं काम माझी बायको नंदाबाई करायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली खूण द्यायची हे तीच ठरवायची आणि प्रत्येक खुणेला तिच्याकडे काहीतरी कारण असायचं. एका पारशी बाईंच्या आवारात दोन विहिरी होत्या, त्यांना दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ. एक वकील काठी टेकत फाटकापर्यंत यायचे, त्यांना तिरकी रेघ. ज्या घरचं कुत्रं अंगावर यायचं त्या घराला फुली. पुढे ते कुत्रं मेलं, पण फुली तशीच राहिली. त्या घरच्या बाईंनी एकदा विचारलं, आम्हालाच फुली का म्हणून. नंदा म्हणाली, तुमची चादर लांबून दिसावी म्हणून. बाई खूश झाल्या.

मी पन्नाशीत अक्षरं शिकलो. संध्याकाळी शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. नंदालाही चल म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुमी जावा. मला माज्या खुणा येत्यात की." मी शिकून फाटकांवरच्या पाट्या वाचायला लागलो तेव्हा तिला त्याचं विशेष वाटलं नाही. गिऱ्हाइकं ओळखायला तिला पाटी कधी लागलीच नव्हती.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या स्वतःच्या घरच्या कपड्यांना खूण नसते. ही जुनी रीत आहे. बिनखुणेचं ते आपलं. आणि एखाद्या कापडाची ओळखच पटेना झाली, तर ते टाकायचं नाही आणि वापरायचंही नाही. घरच्या फळीवर आपल्या कपड्यांत ठेवायचं. धनी आला की त्याला द्यायचं.

आता भट्टी नाही. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे, मागे लागूनच घर; दुकानात मोठी धुण्याची मशीन आहे, सुकवायची आहे. बंगले जाऊन व्हिला आले. शनिवार-रविवार पाहुणे येतात आणि सोमवारी चादरींचे डोंगर. धंदा माझा मुलगा निलेश आणि सूनबाई प्रेरणा बघतात. नंदा मात्र दाराजवळच्या तिच्या खुर्चीत बसायची, आलेलं प्रत्येक कापड हातात घ्यायची, कोपरा उलटायची आणि ज्याच्या त्याच्या फळीवर ठेवायची. नवं कापड आलं की खूण घालायची. ती खुर्ची तिची, यावर घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी चहात साखर दोनदा. मग शेजारणीचं नाव. खुणा मात्र पक्क्या होत्या, म्हणून मी मनावर घेतलं नाही. एका शनिवारी एका व्हिलाच्या चादरी दुसऱ्या व्हिलात गेल्या. पाहुणे आलेले, पलंग उघडे. निलेश स्वतः गाडी घेऊन धावला. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे वाढत जाणार. रोजचं काम जेवढं रोजच्या जागी, रोजच्या पद्धतीने करता येईल तेवढं करू द्या, एवढंच त्यांच्या हातात होतं सांगायला.

निलेशने पाटीएवढ्या काचेची एक मशीन आणली. कापडाला चिकटपट्टी लावायची, मशीन समोर धरायची, की ती गिऱ्हाइकाचं नाव सांगते. दरमहा त्याचं भाडं. कामाला ती चांगली होती, यात खोटं नाही. नंदाला प्रेरणाने शिकवलं, नंदा दोन-चार दिवसांत शिकलीही. मग एका सकाळी ती काच उघडली तर सगळी बटणं हललेली. हिरवं होतं ते निळं, खाली होतं ते वर. निलेश म्हणाला, अपडेट आलाय. नंदाने पुन्हा शिकून घेतलं. पुन्हा अपडेट आला. तिसऱ्या वेळी ती नुसती बोट वर धरून बसली. बोट काचेपासून वीतभर लांब, आणि नजर काचेवर. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाली, "ह्याचं तोंड रोज न्यारं आसतं वो. म्या वळकू कसं?"

त्या रात्री जेवताना निलेशने विषय काढला. आईने आता घरी बसावं, आराम करावा, बाई ठेवू सोबतीला. तो वाईट बोलला नाही. त्याला धंदा सांभाळायचा होता आणि आईची फजिती त्याला बघवत नव्हती. पण मला ठाऊक होतं, खुर्ची गेली की नंदाला धरून ठेवणारं काही उरणार नाही. मी म्हणालो, मला थोडे दिवस दे.

कामशेतला पेंड-भुशाचं एक दुकान आहे, तिथे मी एक कॉम्प्युटर पाहिला होता. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही की काही नाही. म्हातारा दुकानदार दोन बोटांनी बटणं दाबायचा आणि कर्रर्र करत पावती बाहेर यायची. वर्षानुवर्षं तेच. त्याला विचारलं, कुणी करून दिलं? तो म्हणाला, कान्हे गावच्या रेणुकाताईंनी.

रेणुकाताई पन्नाशीच्या. पूर्वी एका कारखान्यात स्टोअरमध्ये होत्या, तिथे फॉक्सप्रो नावाचं शिकल्या. माहिती साठवायची आणि पाहिजे तेव्हा काढायची, असं ते साधन. कारखान्यात पुढे मोठी नवी पद्धत आली आणि ताईंची गरज संपली. त्या शिकलेलं घेऊन घरी आल्या आणि घरच्या पुढच्या खोलीत बसून तेच करायला लागल्या. उर्शाच्या दूधवाल्याचं, एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं, पेंडीच्या दुकानाचं. ज्यांना मोठ्या कंपन्यांचं परवडत नाही त्यांचं सगळं. मी त्यांच्या घरी गेलो, नंदाचं सांगितलं, काचेचं सांगितलं. मग विचारलं, हे तुमचं जुनं झालंय असं लोक म्हणतात, ते खरं का?

"खरंय आबा," त्या म्हणाल्या. "ज्यांनी बनवलं त्यांनीच सोडून दिलंय कधीचं. जुनं आहे म्हणून मला पाठ आहे, आणि मला पाठ आहे म्हणून तुम्हाला स्वस्त पडतं."

"मंजी त्याला अपडेट न्हाई येत?"

"कोण आणणार? बदलणारेच निघून गेले. आज जसं दिसेल तसं दहा वर्षांनीही दिसेल."

मी म्हणालो, मग तेच पाहिजे.

ताई लोकलने आल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. नंदाजवळ स्टुलावर बसल्या आणि ती काय करते ते बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. नंदाला वाटलं, ही कामाला आलेली नवी बाई. तिने त्यांना घड्या घालायला लावल्या आणि घडी वाकडी म्हणून बोललीही. ताईंनी निमूट उलगडून पुन्हा घातली.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. ही खूण कुणाची, ती कुणाची. नंदाने सगळ्या सांगितल्या, कारणांसकट. कुत्र्याचीही सांगितली. शेवटी ताईंनी विचारलं, "आणि मावशी, खूणच नसली तर?"

नंदा हसली. "मग ते आपलं की गं."

एका बंद झालेल्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर मिळाला. ताईंनी कीबोर्डवरची मोजकी बटणं ठेवली आणि बाकीच्यांवर पुठ्ठा कापून बसवला. टिंबाचं, आडव्या रेघेचं, तिरक्या रेघेचं, फुलीचं, गोलाचं आणि एक मोठं बटण, एंटरचं. बटणांवरची छापील चिन्हं बारीक होती. ताईंनी कापडाच्या छोट्या चकत्या कापल्या, त्यावर नंदाकडून बिब्ब्याने खुणा काढून घेतल्या आणि त्या बटणांवर चिकटवल्या. म्हणजे बटणं नंदाच्याच हातची झाली.

काम असं. कापड घ्यायचं, कोपरा उलटायचा, जशी खूण दिसेल तशी दाबायची आणि मोठं बटण. निळ्या पडद्यावर त्या व्हिलाच्या फाटकाचा फोटो यायचा. नंदाला वाचता येत नाही म्हणून फोटो. खाली माझ्यासाठी मराठीत नाव. नग आपोआप मोजला जायचा. नंदा फोटो बघायची आणि त्या फळीवर कापड ठेवायची. फळ्यांवरही तेच फोटो लावले. आणि खूण न दाबता नुसतंच मोठं बटण दाबलं तर आमच्या घराचा फोटो यायचा. दारात आम्ही दोघं, निलेश, प्रेरणा. बिनखुणेचं ते आपलं.

निलेश हे बघायला आला आणि हसत म्हणाला, "ताई, हे तर माझ्या बारशाच्या आधीचं दिसतंय."

"तुझी आईपण तुझ्या बारशाच्या आधीचीच आहे," ताई मान वर न करता म्हणाल्या. प्रेरणाने तोंडावर पदर धरला.

ते वर्ष बरं गेलं. नंदाला सकाळी खुर्चीत बसवलं की पडदा कालच्यासारखाच निळा असायचा. बाकी काही तिच्या जागेवर राहत नव्हतं. कधी मला सासऱ्यांच्या नावाने हाक मारायची, कधी जेवली आहे हे विसरायची. पण त्या बटणांवर हात गेला की हाताला सगळं येत होतं. निलेशने काच कपाटात ठेवून दिली. त्याने कबूल असं काही केलं नाही, पण भाडं भरणं बंद केलं.

मग एका नव्या व्हिलाचं काम आलं. सगळा कोरा माल, चादरी, अभ्रे, पंचे. निलेशने त्यांना तीन टिंबांची खूण ठरवली, ताईंना बोलावून ती कॉम्प्युटरमध्ये घालून घेतली आणि आईला दाखवली. नंदा दुपारभर बसून खुणा घालत होती. कुणी मागे उभं राहून बघितलं नाही, कारण तशी गरज कधी पडली नव्हती.

पुढच्या सोमवारी तो माल धुवायला आला. नंदाने पहिली चादर घेतली, कोपरा उलटला, बटणं दाबली. कॉम्प्युटर मोठ्याने वाजला आणि निळ्या पडद्यावर लाल पट्टी आली. पट्टीवर लिहिलेलं, खूण सापडली नाही. तिने दुसरी घेतली. पुन्हा आवाज, पुन्हा लाल. मी सुकवणीच्या मशीनपाशी होतो, तिथून येईपर्यंत तिने कितीतरी कापडं घेऊन बघितली होती. मी कोपरा पाहिला. दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ. पारशी बाईंची खूण. तो बंगला पडून जमाना झाला. विहिरी बुजवल्या. त्यांचं नाव कॉम्प्युटरमध्ये असायचं कारणच नव्हतं.

नव्या मालावर तिने जुन्या बाईंची खूण का घातली, हे मी पुष्कळ शोधलं. जागा वेगळी, माणसं वेगळी. काही जुळलं नाही. कारण नव्हतंच. तिच्या हाताला त्या दुपारी तीच खूण आठवली, बस.

नंदा उठली, हात धुतले आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची पुसून ठेवली, पण ती आली नाही. मी बोलवायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "ते मला न्हाई म्हणतंय. आता न्हाई यायची मी."

निलेशने त्या मालावर नाना औषधं घासून पाहिली. बिब्बा कुठला जातो. व्हिलाच्या मालकांना तो जाऊन भेटला. ते म्हणाले, कोपऱ्यात ठिपका असला काय नि नसला काय, आमचं आमच्याकडे परत आलं म्हणजे झालं. पण निलेश दमला होता. तो मला म्हणाला, "आबा, आता तीच नको म्हणतीये. आपण कशाला ओढायचं तिला? काच परत चालू करतो."

मी रेणुकाताईंना फोन केला.

ताई आल्या, लाल पट्टी बघितली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आबा, ही मशीन यायच्या आधी एखादी खूण ओळखूच आली नाही, तर तुम्ही काय करायचे?"

मी सांगितलं. धनी येईपर्यंत आपल्या फळीवर, आपल्या कपड्यांत.

"म्हणजे माणसाने कधी आवाज केला नाही. मी मात्र मशीनला ओरडायला शिकवलं," ताई म्हणाल्या. "हे मी विचारायलाच विसरले."

त्या बसल्या आणि टपाटप काहीतरी टाइप करत राहिल्या. मी आणि निलेश मागे उभे. त्यांनी तो आवाज काढून टाकला. लाल पट्टी काढून टाकली. आता ओळख न पटलेली कुठलीही खूण दाबली तरी आमच्या घराचाच फोटो येणार होता. मग म्हणाल्या, आता त्या दोन विहिरी राहिल्या. आत्तापर्यंत एका गिऱ्हाइकाला एकच खूण होती, आता दोन असू शकतात. नव्या व्हिलाची तीन टिंबंही चालतील आणि दोन टिंबं खाली रेघ, तीही चालेल.

निलेश म्हणाला, "आणि उद्या तिने तिसरी घातली तर?"

"तर तिसरी."

"असं किती दिवस, ताई? किती खुणा घालणार?"

"ह्यात लाखो बसतात, निलेश," ताई म्हणाल्या. "तुझी आई आधी दमेल."

निलेश खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याच्या आईने त्या खुर्चीवर ठेवलेली जुन्या साडीची घडी तशीच होती, तिच्यावरून त्याने हात फिरवला. मग स्टूल ओढून ताईंच्या शेजारी बसला. "मला दाखवा कसं घालायचं ते," तो म्हणाला. "दर वेळी तुम्ही कान्ह्याहून कुठं येणार."

दोन टिंबं आणि रेघ त्याने स्वतः घातली. त्याला खूण दाबताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

आता नंदाला आणायचं होतं. समजावून ती येणार नव्हती. मी घरात गेलो, खुंटीवरचा माझा सदरा घेतला आणि तिच्यासमोर धरला. विचारलं, हा कुणाचा गं?

तिने तो हातात घेतला. सवयीने कोपरा उलटला, मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं. "खूण कुटं हाय? तुमचाच की."

"मशीनला इचारू या," मी म्हणालो.

ती लगेच उठली नाही. सदरा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग माझा हात धरून आली. खुर्चीत बसली. निलेश आणि ताई इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उगाच काहीतरी करत राहिले. नंदाने खूण न दाबता मोठं बटण दाबलं. घर आलं. दारात आम्ही चौघं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हां. बराबर म्हणतंय." सदरा तिने घरच्या फळीवर ठेवला.

मी काही सांगितलं नव्हतं. तिनेच हात लांब करून ढिगातली चादर ओढली. कोपरा उलटला. टिंब, टिंब, रेघ. बोट मोठ्या बटणावर थांबलं. मला वाटलं ती आता उठते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे किंचित मिटले, जसे कुणी आवाजाच्या आधी मिटतं, आणि बटण दाबलं.

काही वाजलं नाही. निळ्या पडद्यावर नव्या व्हिलाचं काळं लोखंडी फाटक आलं.

नंदा पुढे वाकून ते बघत राहिली. मग म्हणाली, "पारशीन बाईनी दार बदललं वाटतं."

"व्हय," मी म्हणालो. "बदललं."

"बरं केलं. जुनं लय करकरायचं." आणि तिने पुढची चादर घेतली.

तिकडे निलेशने इस्त्री उचलली, ती गरमच केलेली नव्हती, तरी कोऱ्या कापडावर फिरवत राहिला.

याला आता काही महिने झाले. पडदा तसाच निळा आहे. नंदाचं कमी-जास्त चालू आहे. काही दिवस ती सगळं बरोबर लावते. काही दिवस कुणाचीच नसलेली खूण दाबते, किंवा नुसतंच मोठं बटण दाबत राहते, आणि दर वेळी पडद्यावर आमचं घर येतं. "हे आपलं," असं म्हणत ती चादरी घरच्या फळीवर रचत जाते. त्या दिवशी आमची फळी खंडाळ्यातल्या निम्म्या व्हिलांच्या चादरींनी भरते.

दुकान बंद करताना निलेश ती फळी खाली घेतो. एकेक कोपरा उलटून ज्याचं त्याला लावतो. नवी कुठली खूण दिसली तर कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवतो. सकाळी नंदा येऊन फळी रिकामी बघते आणि विचारते, इथली कापडं कुठं गेली. निलेश सांगतो, "आई, धनी येऊन घेऊन गेला."

मग ती मान डोलावते, साडीची घडी सारखी करते आणि खुर्चीत बसते.